उत्तर कोरियाची पाच रात्रींची टूर, कॅमेऱ्यासकट : चार मार्क, आणि पाचवा का कापला

२०१८ च्या सप्टेंबरअखेरीस मी उत्तर कोरियाला जाऊन आलो, पाच रात्री, बेजिंग ते बेजिंग, एका टूर कंपनीच्या ग्रुपबरोबर. रिव्ह्यू तेव्हा अर्धवट लिहिला होता, मग २०२० मध्ये सीमाच बंद झाली आणि लिहून कुणाला उपयोग नव्हता म्हणून तसाच पडून राहिला. आता त्याच कंपनीचे मेल परत यायला लागलेत आणि त्यात तीच जुनी ओळ आहे, जगापासून लपवलेला देश तुमच्या कॅमेऱ्यात पकडा, अशा अर्थाची. टूर म्हणून मी हिला पाचपैकी चार मार्क देतो. एक कापलाय तो फक्त त्या ओळीपायी. ती ओळ डोक्यात घेऊन मी गेलो आणि त्याचा त्रास दुसऱ्या कुणाला तरी झाला, ते पुढे सांगतो.

आधी व्यवस्थेचं. तिथे एकट्याने आपल्या मनाने फिरता येत नाही, कितीही ओळखी काढा. सरकारमान्य कंपनीमार्फतच जायचं, व्हिसाही तीच काढते, तो पासपोर्टवर न लागता वेगळ्या कार्डावर मिळतो आणि बाहेर पडताना ते कार्ड काढून घेतात. अर्जात नोकरी कुठे करता ते लिहावं लागतं, पत्रकारांना टुरिस्ट व्हिसावर घेत नाहीत आणि तसं लिहून द्यावं लागतं. भारतीय पासपोर्टला तेव्हा तशी काही अडचण नव्हती. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना मात्र त्यांच्याच सरकारने १ सप्टेंबर २०१७ पासून मनाई केलीय, ओटो वॉर्मबियर नावाच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणानंतर. तो असाच टूरवर गेला होता, जानेवारी २०१६ मध्ये पकडला, हॉटेलमधलं घोषणेचं पोस्टर चोरायचा प्रयत्न केला म्हणून पंधरा वर्षं सक्तमजुरी, आणि जून २०१७ मध्ये कोमात घरी पाठवला तो काही दिवसांतच गेला. हे घाबरवायला सांगत नाहीये पण जाताना हे माहीत असायलाच हवं, कारण टूरवर सगळं इतकं सुरळीत चाललेलं असतं की आपण कुठे आहोत याचा विसर पडतो.

चीनचा व्हिसा डबल एन्ट्रीचा घ्या, परत बेजिंगलाच यायचंय. मला सगळं मिळून बाराशे युरोच्या आसपास पडले, त्यात जातायेतानाची ट्रेन, हॉटेल, जेवण, गाईड, बहुतेक ठिकाणची तिकिटं आली. वरखर्चाला रोख युरो न्या, तेही सुटे, पाच-दहाच्या नोटा. डॉलर आणि चिनी युआनही चालतात पण कार्ड चालत नाही आणि आपल्यासाठी एटीएम नाही. गाईडची आणि ड्रायव्हरची टिप धरून दीडशे युरो तेव्हा सहज जायचे, मास गेम्स (स्टेडियममधला हजारो लोकांच्या कवायतींचा सोहळा) बघायचे असतील तर कमीत कमी शंभर अजून.

कॅमेऱ्याबद्दल कंपनीने एक पीडीएफ पाठवली होती. जीपीएस असलेलं उपकरण नको, मोठी टेलिफोटो लेन्स नको, सैनिक, चेकपोस्ट आणि बांधकामांचे फोटो नकोत, नेत्यांचे पुतळे आणि तसबिरी अर्धवट कापून काढू नका. एवढंच. बेजिंगच्या ऑफिसात जे ब्रीफिंग झालं त्यात अर्धा वेळ कपड्यांवर आणि टिपवर गेला. नियम मोडला तर काय होतं असं एकाने विचारलं तर उत्तर मिळालं, फार तर फोटो डिलीट करायला लावतील. हे उत्तर लक्षात ठेवा, माझी तक्रार तीच आहे.

ट्रेनचा पर्याय असेल तर ट्रेनच घ्या, येताना वाटल्यास विमान. संध्याकाळी बेजिंगहून निघून सकाळी चीनच्या सीमेवरच्या दांदोंगला येतो, तिथून यालू नदीचा पूल ओलांडला की पलीकडे सिनउईजू. पुलाला समांतर एक जुना पूल आहे, कोरियन युद्धात अमेरिकन बॉम्बहल्ल्यात तुटलेला, नदीच्या मध्यावर येऊन संपतो. चीनच्या काठावर उंच उंच टॉवर आणि पलीकडे एकदम बैठा, शांत काठ. सिनउईजूला गाडी दोन तास थांबली, कस्टमवाले डब्यात आले, बॅगा उघडल्या, पुस्तकं चाळली, फोनमधले फोटो बघितले. माझ्या लेन्स हातात घेऊन एकाने नीट पाहिल्या, चोवीस-सत्तर आणि एक पस्तीस मिलिमीटरची एवढ्याच होत्या, काही बोलला नाही.

त्यानंतरचे पाच-सहा तास म्हणजे या टूरचा सगळ्यात मोकळा भाग. सिनउईजू ते प्योंगयांग सव्वादोनशे किलोमीटरच आहे पण गाडी अगदी सावकाश जाते, आणि खिडकीबाहेर जे दिसतं ते कुणी मांडून ठेवलेलं नाही. भाताची कापणी सुरू झाली होती, विळ्याने, हाताने, ओळीत वाकलेली माणसं, बैलगाड्या, घरांच्या कौलांवर वाळत घातलेली मक्याची कणसं, रुळाच्या कडेने कॉसमॉसची गुलाबी-पांढरी फुलं आणि मागे उघड्याबोडक्या टेकड्या, झाडं तोडून वरपर्यंत शेती नेलेली. सायकली तर सगळीकडे, पाठीवर पोतं आणि हातात सायकल धरून चालणारी माणसं. काच मळकी असते म्हणून लेन्स हूड काचेला टेकवून, शटर हजारच्या वर ठेवून मी जे काढले त्यातले चाळीसेक फोटो आजही मला मोलाचे वाटतात. स्टेशनं आली की कॅमेरा खाली ठेवायचा एवढं पाळा, तिथे सैनिक असतातच.

प्योंगयांगला स्टेशनवरच दोन गाईड आणि बस हजर. दोन गाईड असतातच, एक सीनियर एक ज्युनियर, आणि ते पाचही दिवस तुमच्याबरोबर, झोपायलाही त्याच हॉटेलात. आमच्या सीनियर गाईड बाई पन्नाशीच्या, इंग्रजी उत्तम, बोलणं मोजकं. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कृपया कुणी विचारूही नका.

हॉटेल यांगगाकदो, तेदोंग नदीतल्या बेटावर, सत्तेचाळीस मजली, वर फिरतं रेस्टॉरंट. खोली स्वच्छ, गरम पाणी व्यवस्थित, खिडकीतून पहाटेचं प्योंगयांग दिसतं ते फोटोसाठी फार सुंदर, नदीवर धुकं, पलीकडे जुचे टॉवर, जुचे म्हणजे तिथली सरकारी विचारसरणी. बेटाबाहेर एकट्याने जायचं नाही. खाली बोलिंग, दुकान वगैरे आहे. पाचव्या मजल्याचं बटण लिफ्टमध्ये नाही, त्यावर इंटरनेटवर खूप मसाला वाचायला मिळतो, तिकडे जिन्याने जायचा विचारसुद्धा करू नका.

पहिल्या सकाळी मानसू टेकडी. देशाचे संस्थापक किम इल सुंग यांचा कांस्य पुतळा १९७२ चा, शेजारचा त्यांचे पुत्र किम जोंग इल यांचा २०१२ मध्ये उभा केलेला, दोन्ही वीस मीटरहून उंच. फुलं वाहायची, ओळीत उभं राहून वाकायचं आणि मगच फोटो. आणि फोटो काढताना दोन्ही पुतळे डोक्यापासून बुटांपर्यंत पूर्ण फ्रेममध्ये हवेत. हे ऐकायला सोपं वाटतं पण जवळ उभं राहून पस्तीसच्या लेन्समध्ये ते मावतच नाहीत, मागे मागे जात राहावं लागतं. माझ्या एका फोटोत डावीकडच्या पुतळ्याचा बूट तळाशी कापला गेला होता. बाईंनी स्क्रीनवर बघितलं, बोट त्या बुटाशी नेऊन थांबवलं, काचेला लागू न देता, आणि हळूच म्हणाल्या, हा परत काढा. डिलीट करा असं नाही म्हणाल्या, परत काढा. मी परत काढला आणि त्यांच्यासमोरच पहिला पुसला. त्या ‘थँक यू’ म्हणाल्या तेव्हा मला ते नुसतं शिष्टाचाराचं वाटलं होतं.

वर्तमानपत्राचंही तसंच, नेत्याच्या फोटोवरून घडी घालायची नाही, चुरगळून कचऱ्यात टाकायचं नाही, त्यात काही गुंडाळायचं नाही. तिथे प्रत्येक मोठ्या माणसाच्या छातीवर डावीकडे नेत्यांचा बिल्ला असतो, तो विकत मिळत नाही, मागू नका.

आता माझी चूक. दुसऱ्या दिवशी आम्ही केसोंगला निघालो, दक्षिणेच्या सीमेकडे, रस्ता रुंद आणि जवळजवळ रिकामा, मधे मधे चेकपोस्ट. एका चेकपोस्टच्या अलीकडे उघड्या ट्रकमध्ये सैनिक बसले होते, अगदी कोवळी पोरं, एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता. जाकिटाच्या आडून मी दोन फोटो काढले. डोक्यात तीच जाहिरातीतली ओळ होती, हेच तर लपवलेलं आहे आणि हेच पकडायला मी आलोय. चेकपोस्टवर बस थांबली ती थांबलीच. बाहेरच्या माणसाने लेन्स पाहिली होती. बाई खाली उतरल्या. मी खिडकीतून बघत होतो, एक तरुण अधिकारी त्यांच्या मुलाच्या वयाचा असेल, तो बोलतोय आणि त्या मान खाली घालून ऐकतायत, पंधरा-वीस मिनिटं, मग त्याने वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं, त्यांच्याकडे बघून, माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. त्या बसमध्ये आल्या, माझ्या सीटशी थांबल्या, मी स्वतःहून दोन्ही फोटो पुसले. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि पुढे जाऊन माइकवर केसोंगची माहिती सांगायला लागल्या, गोर्यो राजघराण्याची राजधानी वगैरे. आवाज नेहमीसारखाच होता पण हातातला कागद हलत होता.

पाहुण्याला फार तर फोटो पुसावा लागतो. गाईडचं नाव वहीत जातं. त्या वहीचं पुढे काय होतं हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नसतं. कंपनीने हे आम्हाला बेजिंगमध्ये सांगायला हवं होतं, स्पष्ट शब्दात, पीडीएफच्या पहिल्या ओळीत. त्यांना हे माहीत नाही असं होऊच शकत नाही, ते वर्षानुवर्षं त्याच गाईडबरोबर काम करतात. चोरून काढलेल्या फोटोची हौस जाहिरातीतून विकायची आणि किंमत दुसऱ्याने भरायची हे मला अजूनही पटत नाही. परत आल्यावर मी तसा मेल लिहिला, उत्तर आलं की सूचना नोंदवली आहे. मेलमधली ओळ आजही तीच आहे.

सीमेवरचं पानमुनजोम खूप चांगलं दाखवतात. २७ जुलै १९५३ ला कोरियन युद्धाच्या शस्त्रसंधीवर सह्या झाल्या ती इमारत, टेबलं, आणि पुढे दोन्ही देशांमधल्या सीमेवर बांधलेल्या निळ्या बराकी. मी गेलो त्याच वर्षी, २०१८ च्या एप्रिलमध्ये, दोन्ही देशांचे नेते तिथेच हातात हात घालून ती सिमेंटची बुटकी पट्टी ओलांडून इकडून तिकडे गेले होते, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं असेल. सैनिकांचे फोटो बाकी देशात बंद, पण इथे माहिती देणारा लष्करी अधिकारी स्वतः शेजारी उभा राहून फोटो काढू देतो. मराठी माणसाने इथे एक आठवावं असं आहे, युद्धानंतर जे कैदी आपापल्या देशात परत जायला तयार नव्हते त्यांना सांभाळायला भारताने फौज पाठवली होती, त्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात. ज्या पट्ट्याकडे आपण बोट दाखवून फोटो काढतो तिथे आपल्या माणसांनी महिनोन्‌महिने तंबूत काढलेत. मी हे बाईंना सांगितलं, त्यांनी अधिकाऱ्याला भाषांतर करून सांगितलं, त्याने दोन-तीन प्रश्न विचारले, किती सैनिक होते, किती दिवस होते. त्या दिवशी सकाळच्या प्रकारानंतर बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या या निमित्ताने.

केसोंगला जेवण पितळेच्या छोट्या छोट्या झाकणाच्या वाट्यांमध्ये येतं, दिसायला फार देखणं. जेवणाचं एकूण सांगायचं तर पोट भरतं, रोज तेच तेच वाटू शकतं. शाकाहारी असाल तर आधी लेखी कळवा, भात, अंडी, भाज्या, बटाटे, टोफू मिळतं, पण किमचीत (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) बऱ्याचदा मासळी किंवा कोळंबीचं खारवलेलं काहीतरी असतं आणि प्योंगयांगच्या प्रसिद्ध थंड नूडल्स मांसाच्या रश्शात येतात, त्यामुळे फक्त मीट नको एवढं सांगून भागत नाही. खाणाऱ्यांनी त्या नूडल्स मात्र सोडू नयेत, बकव्हीटच्या म्हणजे कुट्टूच्या, काळपट, वरून व्हिनेगर आणि मोहरी. तेदोंगगांग बिअरही चांगली आहे, तिची यंत्रसामग्री इंग्लंडमधली एक बंद पडलेली ब्रुअरी विकत घेऊन आणलेली.

तिसऱ्या दिवसापासून मी पद्धत बदलली. फोटोला कोरियनमध्ये साजिन म्हणतात. माणसासमोर जायचं, कॅमेरा खालीच ठेवून, ‘साजिन?’ एवढंच विचारायचं आणि थांबायचं. नाही म्हणाले तर मान लववून पुढे. बरेच जण नाहीच म्हणतात, आणि खरं सांगतो त्यांच्या नाहीचा राग येत नाही, अनोळखी परदेशी माणसाच्या कॅमेऱ्यात आपला चेहरा जाऊ द्यायचा की नाही हा त्यांचा निर्णय आहे, तिथे तर जास्तच.

मेट्रो त्या दृष्टीने सगळ्यात सोपी जागा. १९७३ साली सुरू झालेली, जमिनीखाली शंभर मीटरच्या आसपास खोल, सरकता जिना संपतच नाही, तीन-चार मिनिटं आपण नुसते खाली जात असतो आणि शेजारच्या जिन्यावरून कामाला निघालेली सगळी प्योंगयांग वर येत असते, अंधुक पिवळ्या उजेडात एकामागून एक चेहरे. इथे फ्लॅश अजिबात वापरू नका, आयएसओ वाढवा. प्लॅटफॉर्मवर झुंबरं, भिंतभर मोझेक, आणि मधोमध काचेच्या स्टँडवर लावलेलं रोदोंग सिनमुन हे सत्ताधारी पक्षाचं वर्तमानपत्र, चार-पाच माणसं मान वर करून वाचत उभी. एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून अगदी काचेला नाक लावून वाचत होते. मी ‘साजिन?’ विचारलं, त्यांनी आधी माझ्याकडे, मग बाईंकडे बघितलं, चष्मा खाली घेतला, कोटाचं वरचं बटण लावलं, बिल्ला सरळ केला आणि पाठ ताठ करून उभे राहिले. मला वाचताना हवे होते, पण त्यांना तसं दिसायचं नव्हतं. तोच फोटो काढला. बोगद्याकडे कॅमेरा नेऊ नका, तेवढं नको म्हणतात. डबे जुने, बर्लिनहून आणलेले, आणि प्रत्येक डब्यात दोन्ही नेत्यांच्या तसबिरी.

रविवारी सकाळी कुमसुसान. दोन्ही नेत्यांचे देह जपून ठेवलेत तो राजवाडा. इथे फोटोचा प्रश्नच नाही, कॅमेरा, फोन, पाकीट सगळं जमा, टाय लावून जायचं, लांबच लांब सरकत्या पट्ट्यांवरून उभं राहून जायचं, अंगावरची धूळ उडवणाऱ्या यंत्रातून जायचं, मग आतल्या दालनात पायांशी, एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला असं तीनदा वाकायचं, डोक्याकडे नाही. मनाला पटत नसेल तर जाऊ नका, आधी सांगितलं तर चालतं, पण आत जाऊन हसू नका. समोरच्या पट्टीवरून खेड्यातून आलेल्या बायका रंगीबेरंगी पारंपरिक झग्यांमध्ये येत होत्या, काही रडत होत्या. त्या रडण्याचा अर्थ काय ते मला ठरवता आलं नाही, आणि कॅमेरा नसल्यामुळे त्या मला जास्त लक्षात राहिल्या.

दुपारी मोरानबोंग टेकडी, आणि टूरमधलं सर्वात सुंदर जे काही असेल ते हे. शहरातली बाग आहे, रविवारी लोक सतरंज्या टाकून जेवायला येतात, छोट्या शेगड्यांवर मांस भाजतात, बाटल्या उघडतात, आणि आज्या नाचतात. साठी-सत्तरीच्या बायका, हातात रुमाल, कुणीतरी जांगू नावाचा डमरूसारखा मोठा ढोल वाजवतंय. मला हाताला धरून ओढलं. बाई बाजूला बाकावर बसल्या होत्या, पहिल्यांदाच बसलेल्या पाहिलं त्यांना. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि नाचायला गेलो. परत आलो तर त्यांनी माझे सात-आठ फोटो काढून ठेवले होते, एकही हललेला नाही, फ्रेम अचूक, सगळ्यांचे पाय आत. मग त्यांनीच एका कुटुंबाला विचारलं आणि मला बोलावलं. आजोबा, आजी, सून, चार वर्षांची नात, तिच्या गालाला भाताची शितं चिकटलेली. आईने पुसायला हात नेला तर आजी नको म्हणाली, राहू दे. माझ्या सगळ्या प्रवासातला तो एकच फोटो मी मोठा करून लावलाय.

मास गेम्सचं तिकीट तेव्हा सगळ्यात स्वस्त शंभर युरो होतं, महाग आठशेपर्यंत. मे डे स्टेडियम, आठ-दहा दिवसांपूर्वीच दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन तिथे उभं राहून भाषण करून गेले होते. समोरच्या संपूर्ण स्टँडमध्ये हजारो मुलं रंगीत पानांची वही धरून बसतात आणि पानं उलटून चित्रं तयार करतात, डोंगर, सूर्य, रेल्वे. फोटोत ते छापील पडद्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात आधी ऐकू येतं, हजारो पानं एकदम उलटल्याचा सटकन आवाज, सुरू व्हायच्या आधी ती मुलं सराव करतात तेव्हा जास्तच. डोळ्यांचं पारणं फिटतं हे खरंय. पण ही शाळकरी मुलं महिनोन्‌महिने कशी तयार केली जातात याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ च्या अहवालात लिहून ठेवलंय, ते जाण्याआधी वाचा आणि मग ठरवा. मी आल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर कदाचित गेलो नसतो.

बाकी ठिकाणं थोडक्यात. जुचे टॉवर १७० मीटर, लिफ्टने वर जा, आणि सकाळी जा म्हणजे नदीपलीकडच्या चौकावर ऊन असतं, वरून शहराचे पेस्टल रंग कळतात. विजय कमान पॅरिसच्या कमानीपेक्षा उंच आहे हे ते आवर्जून सांगतात. युद्ध संग्रहालयात १९६८ मध्ये पकडलेलं ‘प्वेब्लो’ हे अमेरिकेचं जहाज आहे, आत जाता येतं. र्यूग्योंग हॉटेल, १०५ मजली पिरॅमिड, १९८७ पासून बांधतायत, शहरात कुठूनही दिसतं, आत नेत नाहीत. क्वांगबोकच्या मोठ्या दुकानात तिथले स्थानिक पैसे वापरता येतात, फोटो बंद.

फोटोत काय येत नाही ते स्वतःला सांगत राहावं लागतं. प्योंगयांगमध्ये राहायला परवानगी लागते, म्हणजे आपण जे बघतो ते निवडून ठेवलेल्या लोकांचं शहर. राजकीय कैद्यांच्या छावण्या, नव्वदच्या दशकातल्या दुष्काळात गेलेली माणसं, यातलं काही कुठल्याच लेन्समध्ये येणार नाही, चोरून काढलं तरी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच आयोगाने तिथल्या अत्याचारांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटलंय. आणि आपल्या टूरचे पैसे त्याच सरकारकडे जातात. जाऊ नये असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचं म्हणणं वजनदार आहे. मला त्या बागेतली आजी दिसली याची किंमत माझ्या मनात आहे, पण ती दुसऱ्यांनी मान्य करावी असा माझा हट्ट नाही.

परतताना सीमेवर कॅमेरे तपासले. माझ्याकडे नऊशेहून जास्त फोटो होते, त्या माणसाने भराभर पुढे नेले, एक बैलगाडीचा पुसायला सांगितला, मोरानबोंगच्या फोटोंवर थांबला, हसला, कॅमेरा परत दिला. काहींच्या ग्रुपमध्ये जास्त कडक तपासणी होते म्हणतात, त्यामुळे एकच कार्ड भरून ठेवू नका, पण कार्ड लपवूही नका.

निघताना मी बाईंना विचारलं होतं फोटोंचे प्रिंट पाठवले तर चालतील का, बागेतल्या कुटुंबाचा, आजोबांचा आणि त्यांचा स्वतःचा. म्हणाल्या, कंपनीबरोबर पाठवा, पाकीट उघडं ठेवा. इथे कंपनीचं कौतुक करायलाच हवं. २०१९ च्या वसंतातल्या ग्रुपबरोबर त्यांनी ते नेले, एक पैसा न घेता, आणि मला कळवलं की पोचले, बाईंनी स्वतः घेतले. त्यांचं गाईडगिरीचं काम तेव्हा सुरू होतं हे त्यातून समजलं, वहीतल्या नोंदीची धाकधूक सहा महिने होती ती तेव्हा कमी झाली. चार मार्कांतला एक या पाकिटाचा आहे.

सध्याची परिस्थिती अशी की जानेवारी २०२० मध्ये बंद झालेला देश फेब्रुवारी २०२४ मध्ये आधी फक्त रशियन पर्यटकांना उघडला, फेब्रुवारी २०२५ मध्ये ईशान्येचं रासोन इतरांसाठी उघडलं आणि दोन-तीन आठवड्यांत परत बंद केलं, त्याच एप्रिलमध्ये प्योंगयांग मॅरेथॉनला परदेशी धावपटू गेले. असं मागेपुढे चालूच असतं, त्यामुळे कुठल्याही कंपनीला पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका, ग्रुप रद्द झाला तर किती परत मिळणार ते लेखी घ्या, विमानाची तिकिटं बदलता येणारी घ्या. आणि ब्रीफिंगमध्ये एक प्रश्न नक्की विचारा, नियम माझ्याकडून मोडला तर गाईडचं काय होतं. ज्या कंपनीचा माणूस याचं उत्तर तुमच्या डोळ्यात बघून देईल तिच्याबरोबर जा.